शिवकांताकाकूंचा पिंपवाला

शिवकांताकाकूंच्या दुकानात कुकर घ्यायला गेलेल्या बाईला कुकर मिळायचाच, पण तो हातात पडायच्या आधी तिच्या घरात लग्नाचं कोण आहे, शिक्षण किती झालंय आणि मामाकडची माणसं कुठली, एवढं सगळं तिचं सांगून व्हायचं. लातूरच्या गंजगोलाईजवळ त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात भांड्यांवर नावं घालायचं ते कर्र कर्र करणारं यंत्र. यंत्र चालवता चालवता त्या चौकशी करायच्या आणि चौकशी रंगली की नाव चुकायचं. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांत दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचे तांबे होते. तक्रार घेऊन गेलं तर काकू म्हणायच्या, "पाणी तर तेवढंच मावतंय ना त्यात?"

भांडी हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. खरा उद्योग सोयरिकी जुळवण्याचा. मुरुडची पोरगी उदगीरला, उदगीरची उमरीला, उमरीचा पोरगा परत लातूरला, असं त्यांचं दोन जिल्ह्यांत सारखं चाललेलं असे. त्यांनी टाकलेला शब्द दोन्हीकडची माणसं झेलायची. त्यांच्या या कामात एका माणसाला मात्र कधीच काही विचारलं जात नसे, ते म्हणजे मुलीला. "पोरीला काय इचारायचं?" असं काकू म्हणत. "ती आधी लाजंल, मग न्हाई म्हणंल, मग रडंल, मग हाव म्हणंल. खामखा टाईम जातो."

मी त्यांची भाडेकरू. मूळची नांदेडची, लातूरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आलेली. खाली दुकान, वर काकूंचं घर, त्याच मजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत एका म्हाताऱ्या गुरुजींचा संगीतवर्ग आणि गच्चीला लागून माझी खोली. वर्गात तबला सुरू झाला की खाली दुकानातली ताटं थरथरायची. नवी गिऱ्हाइकं घाबरून छताकडे बघायची. काकू त्यांना शांतपणे सांगायच्या, "भूकंप न्हाई, तीनताल हाय." लातूरच्या माणसाला हे सांगावं लागतंच.

एकदा मी तापानं पडले होते. दुपारचं दुकान बंद करून काकू माझ्यासाठी मुगाची खिचडी घेऊन आल्या. मी पडल्या पडल्या लॅपटॉपवर एक कोरियन मालिका बघत होते.

"हे कोण?"

"कोरियाची मालिका आहे, काकू. मुलगी व्हायोलिन शिकते, मुलगा पियानो वाजवतो."

"लग्न झालंय का त्यांचं?"

"नाही अजून."

"मग बसते दोन मिनिटं," असं म्हणून काकूंनी माझ्या पायाशी बैठक मारली. ती दोन मिनिटं संपली तेव्हा खाली पायरीवर गिऱ्हाइकं बंद शटरकडे तोंड करून बसलेली होती.

मग ते रोजचंच झालं. दुपारी शटर पडलं की काकू वर. संवाद कोरियन, खालच्या ओळी इंग्रजी, आणि मी मराठी करून सांगणार. माझा ताप उतरला तरी माझी सुटका झाली नाही. कॉलेजातून धापा टाकत घरी यावं तर काकू गच्चीच्या दारात उभ्या: "कुठं होता मॅडम? तिकडं उमा एकटी रडून राहिलीय."

उमा म्हणजे व्हायोलिनवाली. कोरियन नावं काकूंच्या तोंडात बसेनात म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं होतं. पियानोवाला शांत, गोरा, खाली मान घालणारा, म्हणून त्याचं नाव मन्मथ. मन्मथचा एक मित्र होता, उंच, हसरा, चेलो नावाचं माणसाएवढं वाद्य पाठीवर घेऊन हिंडणारा. त्याचाही उमावर जीव. काकूंनी ते वाद्य एकदा नीट बघून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं पिंपवाला. "पोरगं गुणी हाय," त्या म्हणाल्या, "पण एवढं मोठं वाजवणारा माणूस दोन खोल्यांत ऱ्हाणार कसा?"

मोठ्या सभागृहातल्या मैफिली त्यांना मुळीच पटायच्या नाहीत. एवढी माणसं एकदम वाजवून राहिलीत आणि एकालाही कुणी चहा विचारत नाही, याचं त्यांना वाईट वाटे. फक्त हातात काडी घेऊन सगळ्यांना खुणा करणारा माणूस त्यांना आवडला. तो कोण म्हणून त्यांनी विचारलं. कुणी कधी वाजवायचं ते तो सांगतो, असं मी म्हणाले.

"म्हणजे मध्यस्थ," काकू म्हणाल्या. "पण तोंडातून शब्द न्हाई बघा. नुसत्या काडीवर काम. मला न्हाई जमायचं बाई."

बाकी मालिकेवर त्यांचा राग एकाच गोष्टीचा. भागांमागून भाग संपत होते तरी मन्मथ आणि उमा बोलत नव्हते. बर्फात उभे राहायचे, एकाच बाकावर दोन टोकांना बसायचे, एकमेकांची वाद्यं पुसून द्यायचे, आणि जायचे आपापल्या घरी. "ह्यांच्यात कुणी मोठं माणूस न्हाई का?" काकू कळवळायच्या. "एकदा चुलता जाऊन बसला असता तर आत्तापस्तोर दोन लेकरं झाली असती."

आणि मग तो प्रसंग आला. मैफल संपून सगळे निघून गेलेत, रिकामं सभागृह, मन्मथ पियानोवरून उठतो आणि उमाजवळ येऊन काहीतरी बोलतो.

"काय म्हणला?"

"म्हणाला, मला तू आवडतेस. तुला चालेल का?"

"इचारलं?"

"हो."

"तिलाच?"

"तिलाच, काकू."

"अन् ती न्हाई म्हणली तर?"

"तर नाही. संपलं."

काकूंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. मला म्हणाल्या, "मागं घ्या तेवढं." मी मागं घेतलं. पुन्हा म्हणाल्या, मागं घ्या. त्या दिवशी मन्मथनं उमाला इतक्या वेळा विचारलं की मला ते कोरियन वाक्य पाठ झालं.

मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर उदगीरचं. त्यांच्या घरी एक तांब्याचं जुनं घंगाळ विकायला काढलं होतं, ते बघायला लातूरचे व्यापारी आले. व्यापाऱ्यांनी घंगाळ बघितलं, चहा घेऊन आलेली शिवकांता बघितली आणि दोन्ही लातूरला न्यायचं ठरवलं. "घंगाळ तरी चहूकडून वाजवून बघितलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "मला तेवढं पण न्हाई. माझा माणूस वाईट नव्हता, मॅडम. संसार चांगला झाला. पण एकदा इचारायचं की. मी काय न्हाई म्हणणार होते?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बाजूला ठेवून त्यांनी मला दुकानात बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपल्या घरात पण एक मन्मथ हाय."

हे मला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. काकूंची भाची वैष्णवी मुरुडहून येऊन त्यांच्याकडे राहत होती आणि गुरुजींच्या वर्गात व्हायोलिन शिकवत होती. त्याच वर्गात ओंकार तबला शिकवायचा. सडपातळ, चष्मेवाला, बोलायची वेळ आली की तबल्याची गादी झटकत बसणारा. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर दोघं एकत्र रियाज करायचे, आणि तेव्हा दुकानातली ताटं जशी सुरात वाजायची तशी गुरुजींच्या तीनतालाला कधी वाजली नाहीत.

"तुम्ही मध्ये पडा की मग," मी म्हणाले. "वैष्णवीच्या वडलांशी बोला."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "मी एक शब्द बोलणार न्हाई. त्यानं तिला इचारलं पाहिजे. ह्या घरात एका तरी पोरीला कुणी इचारलेलं मला बघायचंय."

इथंच सगळं बिनसलं. त्यांना ते बघायचं होतं.

मालिकेत एका छत्रीत गेल्याबरोबर दोघांची मनं जुळली होती, म्हणून काकूंनी भर एप्रिलात दोघांना एक छत्री देऊन बाजारात पिटाळलं. ओंकारनं ती वैष्णवीच्या डोक्यावर धरली, स्वतः उन्हातून चालला, आणि परत आल्यावर लाल तोंडानं ताक पीत बसला. मालिकेत दोघांचे हात एका वहीवर पडले होते, म्हणून काकूंनी दोघांना लग्नाच्या पंगतीची मोठी परात जिन्यावरून वर न्यायला सांगितली. ओंकारचं बोट वैष्णवीच्या बोटाला लागलं, त्यानं दचकून हात सोडला आणि परात एक एक पायरी वाजवत खाली रस्त्यावर गेली. समोरच्या चहावाल्यानं टाळ्या वाजवल्या.

या प्रत्येक वेळी काकू दाराआड, जिन्याखाली, नाहीतर तुळशीमागे उभ्या असायच्या. पातळाचा काठ बाहेर दिसायचा. वैष्णवीनं मला एकदा वैतागून सांगितलं, "मॅडम, तो नाही बोलला तर मी बोलेन. पण बोलू कधी? मावशी एक क्षण हलत नाही. कपाटाच्या मागून तिचा श्वास ऐकू येतो."

मी हे काकूंना आडून सुचवायचा प्रयत्न केला. पण त्यांच्या डोक्यात तोवर पुढचा भाग सुरू झाला होता.

"पिंपवाला आला तवाच मन्मथला जाग आली की न्हाई? आपल्याला एक पिंपवाला पाहिजे."

आणि त्यांनी नांदेडला फोन लावला. नांदेडच्या एका चांगल्या घरातला मुलगा, मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला. काकूंचा हिशेब साधा होता: मुलगा बघायला येईल, ओंकारला जाग येईल, तो विचारून टाकेल, आणि नांदेडचा मुलगा मालिकेतल्यासारखा एकटाच पाठमोरा चालत निघून जाईल. मागे हळू संगीत.

त्या एक विसरल्या. सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेल्या बाईनं हे विसरावं, यावर अजून माझा विश्वास बसत नाही. नांदेडहून बघायला येणारा माणूस एकटा येत नाही. रविवारी संध्याकाळी दारात गाडी थांबली आणि तिच्यातून मुलगा, आई, वडील, आजोबा, मामा, दोन आत्या आणि मांडीवरची काही लेकरं उतरली. मागच्या सीटवर नारळाची पिशवी होती. शिवकांताबाईंनी स्वतः फोन केलाय म्हटल्यावर ते बघायला नव्हे, सुपारी फोडून लग्न पक्कं करायलाच आले होते. मुरुडहून वैष्णवीचे वडील नवा सदरा घालून आले होते. काकू त्यांना दाजी म्हणत. दाजी भलतेच खूश होते.

काकूंचा चेहरा उतरला. मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "मॅडम, हे तर खरंच आले की हो."

फोडणीचा सुशीला झाला. मुरमुऱ्यांचा तो सुशीला नांदेडच्या मुलाला इतका आवडला की तो खालमानेनं खातच राहिला. मुलाच्या आईची हौस म्हणून वैष्णवीला वाजवायला बसवलं, आणि साथीला ओंकारला बोलावणं काकूंनी आधीच धाडलेलं होतं. त्याला जाग आणायची होती ना! ओंकार आला. पांढराफटक. गादी झटकून झटकून तिच्यातला कापूस बाहेर यायची वेळ आली.

मग दोघं वाजवायला लागले. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण त्या दिवशी वैष्णवी एकदाही समोर बसलेल्यांकडे बघत नव्हती आणि ओंकार एकदाही तिच्यावरची नजर काढत नव्हता. मामा भलत्याच ठिकाणी मान हलवत होते. खाली दुकानात ताटं वाजत होती. मला एकदम रडू यायला लागलं आणि मी पाण्याचे पेले गोळा करायच्या निमित्तानं उठले.

संपल्यावर नांदेडचे वडील म्हणाले, "आमची पसंती हाय. बोला शिवकांताबाई, फोडायची का सुपारी?"

दाजी म्हणाले, "मेहुणीबाईनं आणलेलं स्थळ. आपण काय बोलायचं? ती म्हणंल ते."

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. पदराचा शेव तोंडात धरून त्या ओंकारकडे बघत होत्या. बोल रे बाबा, बोल, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं. ओंकार तबल्याकडे बघत होता. हो म्हणावं तर वैष्णवी गेली, नाही म्हणावं तर दोन जिल्ह्यांत काकूंच्या शब्दाला किंमत राहत नव्हती. फोनवर त्यांनीच तर सांगितलं होतं, या म्हणून.

शेवटी आजोबा म्हणाले, "आजकालची पद्धत हाय ती. पोरा-पोरीला पाच मिनिटं गच्चीवर बोलू द्या, मग फोडू."

मुलगा हात धुवायला मोरीत गेला होता. काकूंनी तोंडातला पदर काढला.

"हाव," त्या म्हणाल्या. "वैष्णवी, जा वर." मग वळून, "ओंकार, ऊठ."

"मी?"

"तूच. जा तिच्या मागं. अन् कुणी येणार न्हाई वर. मी पण न्हाई."

वैष्णवीनं मावशीकडे एकदा बघितलं आणि ती जवळजवळ पळतच जिना चढली. ओंकार तबल्याला अडखळून, चप्पल उलटी घालून तिच्या मागे गेला. मागोमाग नांदेडचा मुलगा रुमालानं हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "कुठं जायचंय?"

खोलीतली सगळी माणसं छताकडे बघत होती.

मग जो गोंधळ झाला! नांदेडचे वडील उभे राहिले. "आमचा पोरगा इथं उभा हाय, तर वर कोण गेलंय?" दाजी उठून जिन्याकडे निघाले. काकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही बाजूंचे कठडे धरले.

"दाजी, मला तुडवून जावा. न्हाईतर बसा खाली. तुमचं काही चुकलं न्हाई पाव्हणे, चूक माझी हाय. मी तुम्हाला खोट्या कामाला बोलावलं. मला वाटलं, तुम्ही आलाव की त्याला कंठ फुटंल. म्हणून तुमच्या पोराला आणला. मला माफ करा."

"असं असतंय का कुठं?" मुलाची आई म्हणाली.

"नसतंय. पण मी एवढी लग्नं लावली, एका पोरीला इचारलं न्हाई. माझ्या बापानं मला न्हाई इचारलं, मी कुणाला न्हाई इचारलं. हिला तरी इचारू द्या. ती न्हाई म्हणली त्याला, तर खाली येईल. मग तुमच्यासमोर तिला तुमच्या पोराचं इचारू. ती म्हणंल ते."

तेवढ्यात नांदेडचा मुलगा खाली बसला आणि म्हणाला, "मला तरी कुठं इचारलंय? मला म्हणले, कपडे घाल, लातूरला जायचंय."

"गप बस तू," आई म्हणाली.

"बसतो. सुशीला हाय का अजून?"

आजोबांना हसू फुटलं. ते हसताहेत म्हटल्यावर मामा हसले, आत्या हसल्या, आणि शेवटी दाजी तेवढे लाल तोंडानं कोपऱ्यात उरले. मी सुशीला आणायला धावले. आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कुणाला वाढलेलं नाही.

काकू मात्र पायरीवरच. वरून काही आवाज येत नव्हता. त्यांची मान आपोआप वर वळायची आणि त्या ती ओढून खाली आणायच्या. एकदा अर्ध्या उठल्या, परत बसल्या. त्या बाईला केवढे कष्ट पडत होते ते मी समोर बघत होते. शेवटी पावलं वाजली. वैष्णवी एकटीच खाली आली.

"इचारलं?" काकू म्हणाल्या.

"विचारलं."

"त्यानं?"

"नाही, मावशी. मी."

"अग माय! मग? काय म्हणला तो?"

"हो म्हणाला. आणि मग खालीच बसला. डोळ्यांपुढं अंधारी आलीय म्हणतोय. पाणी मागितलंय."

काकूंनी तांब्या भरला, पदर खोचला आणि त्या तरातरा जिना चढायला लागल्या. मधेच थांबल्या. वळून खाली आल्या आणि तांब्या वैष्णवीच्या हातात देऊन म्हणाल्या, "तूच जा."

दाजींचा राग दिवाळीपर्यंत टिकला. नातं जुन्या मेहुणीचं, त्यामुळे त्यापुढे टिकणं शक्य नव्हतं. मध्यस्थ म्हणून काकूंचं नाव मात्र बरंच खाली आलं, कारण त्या घटनेनंतर त्यांनी मुलींना विचारायला सुरुवात केली आणि मुली सपासप नाही म्हणायला लागल्या. आया वैतागल्या. काकूंना त्याचं भारी कौतुक. "आज मुरुडची न्हाई म्हणली," त्या मला आनंदानं सांगायच्या. "तोंडावर! दात घासून राहिली होती, तशीच म्हणली." नांदेडच्या सुशीलावाल्याला त्यांनी नायगावची मुलगी दाखवली. तिला विचारलं, त्याला विचारलं, आणि दोघांनी हाव म्हटल्यावर त्या एकट्याच इतक्या हसल्या की दोन्हीकडच्यांना काळजी वाटली.

काकू गेल्याचं मला वैष्णवीनं फोनवर कळवलं. मी तोवर बदली होऊन नांदेडला परतले होते. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नांदेडच्या बसस्थानकावर. त्या कुठलंसं स्थळ बघून लातूरला परत निघाल्या होत्या आणि मी त्यांना बसवून द्यायला गेले होते. खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, शेजारच्या बाईला तिचं गाव विचारून झालं. मग खिडकीतून वाकून मला म्हणाल्या, "मॅडम, एक पोरगा हाय माझ्या बघण्यात. चांगला हाय, प्राध्यापकच हाय. पण आधी एक इचारते. तुम्हाला लग्न करायचंय का?"

असं सरळ मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. आईनंही नाही. मला कुठून धीर आला कुणास ठाऊक, मी खरं ते सांगितलं.

"नाही, काकू."

"न्हाई?"

"नाही."

त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. कंडक्टरनं घंटी मारली.

"बरं," काकू म्हणाल्या.

बस मागे सरायला लागली. मी हात हलवला. तेवढ्यात त्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि अख्ख्या बसस्थानकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पण मी इचारलं, बरं का!"